झुंबर फिटरचे लाल टॅग

आमच्या कंपनीत इंग्रजी फार. पाट्या इंग्रजी, फॉर्म इंग्रजी, साहेबांचा राग हिंदीत आणि घाम तेवढा मराठी. तारापूर एमआयडीसीत अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत, म्हणून नाव सांगत नाही. शिवाय मला निवृत्तीला थोडेच महिने उरलेत आणि ते सुखाने जावेत अशी माझी इच्छा आहे. मी कैलास राऊत, राहणार शिरगाव, या कंपनीचा स्टोअरकीपर. नट, बोल्ट, हातमोजे, ग्रीस आणि लाल टॅग माझ्या खिडकीतून बाहेर जातात. म्हणजे कंपनीतल्या प्रत्येक भानगडीला लागणारं सामान मीच पुरवतो म्हणा ना.

झुंबर ढाकणे त्या खिडकीशी बावीस वर्षं येत होता. मूळचा पाथर्डीकडचा. गावात विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. मावसभावाच्या मागोमाग बोईसरला आला, काटकरपाड्याला खोली घेतली आणि कंत्राटदारामार्फत आमच्या मेंटेनन्स खात्यात फिटर म्हणून लागला. दर अकरा महिन्यांनी कंत्राटदार त्याला दहा दिवस घरी बसवायचा आणि नवा माणूस म्हणून पुन्हा भरती करायचा. अशा रीतीने बावीस वर्षांत झुंबर वीसेक वेळा नवा झाला. केस पांढरे झाले ते त्याच्या एकट्याच्या जबाबदारीवर, कागदावर त्याची नोंद नाही.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. पंप खोलायचा तर आधी जमिनीवर जुन्या चादरीचा तुकडा अंथरायचा. निघालेला प्रत्येक भाग, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडायचा आणि शेजारी खडूने आकडा घालायचा. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. नवे डिप्लोमावाले पाहून हसायचे. त्यांचा पंप जोडून झाला की दोन वॉशर शिल्लक राहायचे आणि ते गुपचूप माझ्या खिडकीत आणून ठेवायचे. झुंबरचं काहीही शिल्लक राहिलं नाही कधी.

डाव्या हाताची दोन बोटंही राहिली नाहीत, पण त्यात त्याची चूक नव्हती. नऊ वर्षांपूर्वी पंप बंद करून, स्विचवर 'काम चालू, हात लावू नये' असा आपल्या नावाचा लाल टॅग लटकवून, तो आत हात घालून बसला होता. कुणीतरी टॅग काढला आणि स्विच दाबला. कोणी, ते चौकशी समितीला तीन बैठका आणि अठरा प्लेट भजी खाऊनही सापडलं नाही. त्यानंतर कंपनीने नियम केला: ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही. फाटकाजवळ सहा फुटी पाटी लागली, खाली मोठ्या साहेबांची सही. झुंबरच्या बोटांचा उल्लेख पाटीवर बसला नाही. जागा कमी पडली असेल.

इंग्रजी कागद हातात पडला की झुंबर तडक माझ्याकडे यायचा. "कैलासभाऊ, काय म्हनतंय बघा की." मी चष्मा लावायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि सांगायचो, "काय नाय रे, सही कर." निम्म्या वेळा मलाही पुरतं कळलेलं नसायचं. पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने 'कळलं नाही' म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

तर दीड वर्षापूर्वी परदेशी गिऱ्हाइकाचा एक ऑडिटर आला. त्याने एका फिटरला इंग्रजीत विचारलं, हा व्हॉल्व्ह का गळतोय? फिटरने हसून मान डोलावली. ऑडिटरने वहीत अर्धं पान भरलं. त्यावर हेड ऑफिसने फार खोल विचार केला आणि निर्णय घेतला की फिटरांचं इंग्रजी सुधारायचं. व्हॉल्व्ह पुढेही गळत राहिला. मात्र निर्णयाला एक शेपूट होतं, आणि त्या शेपटासाठी सगळे फिटर कान टवकारून बसले. कंत्राटी फिटरांपैकी आठ जणांना कायम करणार होते. अट एकच, चाळीस इंग्रजी शब्दांची परीक्षा.

आमच्याकडे कंत्राटी माणसाचं ओळखपत्र पिवळं आणि कायम माणसाचं निळं. पिवळ्यांची कॅन्टीनची रांग वेगळी, बसमधली बाकं मागची. झुंबर तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. कंत्राटी माणसाला पंचावन्नच्या पुढे पुन्हा 'नवा' करत नाहीत, हे त्याला माहीत होतं. निळं कार्ड मिळालं तर साठीपर्यंत सुटका होती. त्याची बायको मैनाबाई मला एकदा म्हणाली होती, "भाऊजी, मला दुसरं काय बी नगं. ह्यांच्या गळ्यातलं त्ये पिवळं तेवढं जावं. हळदीचं असल्यागत बावीस वर्सं घालून फिरत्यात."

शिकवायला ठाण्याहून दिग्विजय सर आले. गळ्यात टाय, हातात माइक, समोर सतरा माणसं आणि कॅन्टीनचं टेबल. त्यांची स्वतःची एक पद्धत होती, असं तेच सांगत. शब्द पाठ करायचे नाहीत, शब्द फोडायचे. पुढचा तुकडा, मधलं मूळ, मागची शेपटी. दोनशे तुकडे पाठ केले की वीस हजार शब्द आपसूक येतात, तेही एकवीस दिवसांत. एकवीसच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मेंदूचं शास्त्र आहे." मेंदूचं शास्त्र आणि त्यांच्या कामाचा करार दोन्ही नेमके एकवीस दिवसांचे निघाले, हा योगायोग.

बाकीच्या फिटरांनी सरांचं बोलणं झोप यावी म्हणून वापरलं. झुंबर मात्र पहिल्याच दिवशी वर्ग सुटल्यावर धावत माझ्या खिडकीशी आला.

"कैलासभाऊ, सबमर्सिबल म्हंजी काय वो?"

"पाण्यात सोडायचा पंप. तुलाच म्हाईत."

"त्ये न्हाई. सब म्हंजी खाली. मर्स म्हंजी बुडवनं. इबल म्हंजी करता येन्याजोगं. खाली बुडवता येन्याजोगा!" त्याचे डोळे मोठे झाले होते. "पोरपनापासनं ह्येला हिरीत सोडतोय म्या. आज कळलं ह्येचं नाव काय त्ये."

मी 'बरं बरं' म्हणून ग्रीसचा डबा मोजायला घेतला. पण त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. शब्द हा खोलता येतो, म्हणजे तो पंपच. आणि पंप त्याच्याइतका कुणाला खोलता येत होता? दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्रेसर खोलला: कॉम म्हणजे एकत्र, प्रेस म्हणजे दाबणे, अर म्हणजे करणारा. मग रिड्यूसर. मग इन्स्पेक्शन. रिस्पेक्ट खोलून झाल्यावर तो थोडा विचारात पडला. "री म्हंजी मागं, स्पेक्ट म्हंजी बघनं. मागं वळून बघनं म्हंजी मान देनं. मंग बरोबर हाय, सायेब लोक वळून बघत न्हाईत त्ये."

तुकडे लिहायला सर छापील कार्डांचा संच विकत होते. झुंबरला तो नको होता. भोक असलेलं, तारेने अडकवता येईल असं काहीतरी जाड हवं होतं, क्रमाने मांडायला. माझ्याकडे लाल टॅगचे दोन गठ्ठे भंगारात काढलेले पडले होते. छापखान्याने कंपनीचं बोधचिन्ह उलटं छापलं होतं. ते टॅग चार महिने वापरात होते आणि शंभर इंजिनियरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते चहावाल्याच्या. भंगारातली वस्तू कुणाला द्यायची तर तीन सह्यांची चिठ्ठी लागते. माझी एक सही, बाकी दोन सह्यांसाठी आठवडाभर दारात उभं राहावं लागतं.

"घे रे," मी म्हटलं, "भंगारच हाय. चिठ्ठीबिठ्ठी नको."

हे वाक्य माझं आहे. ते लक्षात ठेवा, मी विसरायचा फार प्रयत्न केला.

त्याने टॅगच्या एका बाजूला मार्करने मोठ्या इंग्रजी अक्षरांत तुकडा लिहिला आणि उलट बाजूला मराठी अर्थ. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खिडकीबाहेरच्या फळीवर, जिथे गॅस्केटं टांगायचे खिळे आहेत, तिथे टॅग लटकवून शब्द जोडायचा. कॉन. ट्रॅक्ट. "कॉन म्हंजी सोबत. ट्रॅक्ट म्हंजी वढनं. ट्रॅक्टर वढतो ना, त्योच. कॉन्ट्रॅक्ट म्हंजी सोबतीनं वढायचं." मग त्याने स्वतःचं पिवळं कार्ड हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. "बावीस वर्सं वढतोय, कैलासभाऊ. सोबत कोन हाय त्ये काय दिसंना." मी हसलो. तो ट्रॅक्ट काढून घेऊन गेला, कॉन खिळ्यावरच राहिला. मी म्हटलं राहू दे, परत लागेलच.

एका रविवारी त्याच्या खोलीवर गेलो तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीवर एकीकडे धुतलेले बनियन आणि दुसरीकडे दीडशे लाल टॅग. मैनाबाई खाली वाकून इकडून तिकडे जात होती. जवळच्या दांडी गावाहून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी आणि बाजरीची भाकरी, असा समुद्र आणि पाथर्डीचा मेळ तिने बावीस वर्षांत जमवला होता. "आवो, त्ये 'री' अन् 'प्री' जरा पल्याड सरकवा," ती नवऱ्याला म्हणाली, "धुराट लागंल त्यास्नी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, परमनंट माहिती का तुमास्नी? पर म्हंजी शेवटापतूर. मॅन म्हंजी ऱ्हानं. शेवटापतूर ऱ्हानारा." त्या शब्दाचे टॅग तिने दोरीवर ठेवले नव्हते. देवाच्या फळीखाली वेगळे लटकवले होते.

सरांनी ज्याला शिकवलं असं छातीठोक सांगता येईल असा तो एकच विद्यार्थी, आणि सरांना त्याचं नावही माहीत नव्हतं. ते त्याला "चादरवाले काका" म्हणायचे.

परीक्षा शुक्रवारी अकरा वाजता होती. आदल्या दिवशी, गुरुवारी, झुंबरची पहिली शिफ्ट होती. साडेअकराला त्याने मोठ्या टाकीखालच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायला घेतलं. व्हॉल्व्ह बंद केला, आपल्या नावाचा खरा टॅग लावला, काम केलं, टॅग काढला, रजिस्टरला सही करून काम बंद झाल्याचं लिहिलं. सगळं नियमाप्रमाणे. मग तिथेच सावलीला बसून त्याने उजळणी केली. त्या ओळीत सात व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकाच्या चाकावर त्याने एकेक तुकडा लटकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणत गेला. फिटर मंडळींना मोकळं चाक दिसलं की त्याला काहीतरी अडकवायची सवयच असते, टोपी, डबा, रुमाल. दोन वाजता सरांचा शेवटचा वर्ग होता. उशीर झाला तर परीक्षेला बसू देणार नव्हते. घंटा झाली तशी झुंबरने घाईघाईने टॅग गोळा केले आणि पळाला. सहा गोळा केले. सातवा पॅकिंग बदललेल्या व्हॉल्व्हवर राहिला.

त्यावर लिहिलेलं होतं 'ट्रान्स'. मागे, मराठीत, 'पलीकडे'.

शुक्रवारी सकाळी सातला मी स्कूटर लावून आत आलो तर टाकीखाली गर्दी. अकरा माणसं एका व्हॉल्व्हभोवती उभी होती आणि त्यातली चार मोबाइलवर टॅगचे फोटो काढत होती. मधोमध भाग्येश साहेब, आमचे शिफ्ट इंजिनियर, वय सत्तावीस, चेहरा घरी कुणी गेल्यासारखा.

झालं होतं असं. टाकीतला माल गरम असतानाच खाली सोडावा लागतो. गार झाला की गोठतो, आणि जास्त तापवत ठेवला तर काळा पडतो. गुरुवारी संध्याकाळी पाचला दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडायला गेला, लाल टॅग पाहिला आणि हात मागे घेतला. "टॅग लगा है, हाथ नहीं लगाने का." त्याला दोष देता येत नाही, पाटी सहा फुटी आहे. त्याने साहेबांना बोलावलं. टॅगवर नावाच्या जागी नाव नाही, तारीख नाही, नुसता शब्द. रजिस्टरमध्ये उघडं काम एकही नाही. भाग्येश साहेबांनी झुंबरला फोन केला, तुझा टॅग काढलास का? झुंबर म्हणाला, व्हय सायेब, काढला. आणि ते खरंच होतं. स्वतःच्या नावाचा टॅग त्याने काढलाच होता.

मग सुरू झाला विद्वानांचा शोध. भाग्येश साहेब म्हणाले, ट्रान्स म्हणजे ट्रान्सफर लाइनवर कुणाचं तरी काम चालू आहे. इलेक्ट्रिकलचे प्रमुख म्हणाले, छे, हा ट्रान्सफॉर्मरचा टॅग आहे, आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मर बंद करून तपासला, त्यात अर्धा प्लांट अंधारात गेला. पर्सोनेल खात्याकडून निरोप आला की ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा. ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, आमच्या बसला व्हॉल्व्ह नसतो. कुणीतरी टॅगचा फोटो खुद्द दिग्विजय सरांना पाठवला. सरांनी उत्तर दिलं, "ट्रान्स म्हणजे पलीकडे. दोष व्हॉल्व्हच्या पलीकडच्या बाजूला असावा." मागच्या बाजूला मराठीत अर्थ लिहिलेला होताच, पण टॅग उलटायचा तर हात लावावा लागतो, आणि हात लावायला बंदी. चौदा तासांत एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकानेही वाकून मागे पाहिलं नाही. टाकीतला माल तोवर साबणाच्या वडीसारखा घट्ट झाला होता. आता, टॅग कापण्याची परवानगी हेड ऑफिसकडून लेखी मागवावी, या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होत आलं होतं.

मी टॅगवरचं उलटं बोधचिन्ह पाहिलं आणि तो कुठल्या गठ्ठ्यातला ते मला कळलं.

तेवढ्यात कंपनीची बस आली. झुंबर उतरला. इस्त्रीचा सदरा, खिशात नवीन पेन, परीक्षेचा दिवस ना. गर्दी बघून जवळ आला, मान वाकडी करून टॅग बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढला.

"गप ऱ्हा," मी कुजबुजलो. "नाव नाय त्याच्यावर. कोणाला म्हाईत नाय. अकराला परीक्षा दे, कायम हो, मग काय ते बघू आपण."

"अन् टॅग?"

"कापतील ते. परवानगी येल दोन दिवसांत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, नवल होतं. मग डावा हात वर केला, तीन बोटांचा, आणि हळूच म्हणाला, "ज्येचा टॅग त्येनंच काढायचा, कैलासभाऊ. आज दुसऱ्यानं कापला तर उद्या कुनाचा बी कुनी कापंल."

तो गर्दीत घुसला. "माजा हाय, सायेब." आणि त्याने तो टॅग काढला. दोन सेकंदं लागली. चौदा तास उभी असलेली माणसं त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

चौकशी तिथेच, उभ्या उभ्या झाली. टॅगवर शब्द का? अभ्यास करत होतो. कंपनीच्या टॅगवर अभ्यास? भंगाराचे आहेत, साहेब. भंगार कुणी दिलं? चिठ्ठी कुठे आहे?

मी चार हातांवर उभा होतो. माझ्या छातीवर निळं कार्ड होतं. मला फक्त 'मी दिले' एवढं म्हणायचं होतं. ते दोन शब्द खोलायची गरज नव्हती, पुढचा तुकडा नाही, मागची शेपटी नाही. मला तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं होती. मी हातातल्या किल्ल्या मोजायला लागलो.

झुंबरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुनी दिलं न्हाई, सायेब. पडल्यालं हुतं, उचललं म्या."

भाग्येश साहेबांनी वहीत लिहिलं: विनापरवाना कंपनीचा माल नेणे.

अकराला तो परीक्षेला बसला. नाव यादीत होतं, आणि यादीतून नाव कापायला वेगळा आदेश लागतो. कॅन्टीनच्या टेबलावर त्याने आधी चादरीचा तुकडा अंथरला, कारण टेबल चिकट होतं, असं तो म्हणाला. चाळीसपैकी अडतीस शब्द बरोबर. बाकीच्या सोळा जणांत सगळ्यात जास्त गुण एकोणीस. दिग्विजय सरांनी अडतीस हीच वर्गाची सरासरी म्हणून आपल्या माहितीपत्रकात छापली.

सोमवारी फलकावर दोन कागद लागले. एक निकालाचा. झुंबरचं नाव पहिलं आणि नावापुढे शेरा, 'विचाराधीन नाही'. दुसरा कागद दुसऱ्या शिफ्टच्या कौतुकाचा. चौदा तास लाल टॅगला हात न लावता सुरक्षेची शिस्त पाळल्याबद्दल सगळ्या शिफ्टला प्रशस्तिपत्र आणि भाग्येश साहेबांना स्टीलचा थर्मास. टाकीतला गोठलेला माल कंत्राटी माणसं चार दिवस हातोड्याने फोडत होती. त्यांना हातमोजे मीच दिले.

मंगळवारी झुंबर माझ्या खिडकीशी आला. हातात कंत्राटदाराचं पाकीट. बावीस वर्षांच्या सवयीने मी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

त्याने कागद दिला नाही. "ऱ्हाऊ द्या. जमतंय का बघतो." खिडकीच्या फळीवर त्याने आपली चादर पसरली, तीवर कागद ठेवला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला. सावकाश, अडखळत, पण वाचत गेला. एका शब्दापाशी थांबला. तो लांबलचक शब्द मलाही उलटा दिसत होता: डिसकंटिन्यूड.

"डिस," तो म्हणाला. "म्हंजी तोडनं, अलग करनं." मग त्याने मान वर केली आणि फळीच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे तो पहिला टॅग अजून लटकत होता. "ह्यो बघा, कॉन. सोबत. अन् टिन म्हंजी धरनं. कंटेनरमंदी हाय त्योच. आपल्या मेंटेनन्समंदी बी हाय. मेन म्हंजी हात, टेन म्हंजी धरनं. हातानं धरून ठेवनं." तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. "म्हंजी, सोबत धरल्यालं सोडलं. लई सोपा शबुद हाय, कैलासभाऊ. तुमी वाचला असता तर म्हनला असता, काय नाय रे, सही कर."

मी चष्मा काढला. "झुंबर, मी आत्ता जातो साहेबांकडं. सांगतो टॅग मीच दिले म्हणून."

"आता कशाला? दोन वर्सं ऱ्हायली तुमची. ऱ्हावा शेवटापतूर."

आणि खरं सांगतो, ते ऐकून मला आधी बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. लाज नंतर वाटली, दुपारी, डबा उघडल्यावर. ती अजून गेलेली नाही.

त्याने टॅगांचे दोन्ही गठ्ठे, सुतळीने बांधून, फळीवर ठेवले. "भंगारात टाका परत. चोरीचा माल हाय." जाताना चादर झटकून घडी केली. तो तोडून बोलला असता, त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "मैना ईचारंल, तिला मीच वाचून दावतो," आणि फाटकाकडे चालायला लागला. फाटकावर सहा फुटी पाटीखाली वॉचमनने त्याचं पिवळं कार्ड काढून घेतलं. मैनाबाईची इच्छा एकदाची पुरी झाली.

झुंबर आता बोईसर-चिल्हार रस्त्यावर एका गॅरेजच्या कोपऱ्यात पंप दुरुस्त करतो, असं कळतं. मी त्या रस्त्याने जात नाही.

गठ्ठे मी भंगारात टाकले, तीन सह्यांची चिठ्ठी करून. एक टॅग मात्र खिडकीबाहेरच्या खिळ्यावर तसाच आहे. पुढच्या बाजूला इंग्रजीत कॉन, मागे त्याच्या अक्षरात 'सोबत'. नवे फिटर विचारतात, राऊतकाका, हा कशाचा टॅग? काढू का? मी त्यांना पाटी दाखवतो. ज्याने लावला त्यानेच काढायचा, असा आमच्याकडे नियम आहे.